बेगमी, बिल आणि भिशी: बेळगाव भागात नवं घर मांडताना

लग्न होऊन बेळगावात आलेल्या मुली, उद्यमबागेत कामाला लागलेली चंदगड-आजऱ्याकडची पोरं, बदलीवर निपाणी-चिक्कोडीला आलेली कुटुंबं सगळी एकच विचारतात: पगार पुरवायचा कसा? उत्तर म्हणून बहुतेकांना भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायला शिकवलं जातं. माझं मत वेगळं आहे. या भागात पैसा वाचतो तो वेळ साधल्याने आणि कागद नीट ठेवल्याने. कुठली वस्तू कुठल्या महिन्यात भरायची आणि कुठल्या कागदावर कुठला पत्ता हवा, एवढं जमलं की भाजीवाल्या मावशीला ते दोन रुपये खुशाल देऊन टाका.

खालच्या पायऱ्या साधारण त्याच क्रमाने घ्या. पहिल्या दोन झाल्याशिवाय तिसरीला हात घालू नका.

पायरी १: घर ठरवण्याआधी

भाडं कमी म्हणून घर घेऊ नका, आधी पाणी विचारा. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल इथून पाणी येतं. २००८ पासून शहरातल्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी आहे, बाकी ठिकाणी ठरावीक दिवसांनी. एकाच शहरात दोन गल्ल्यांचा हिशोब त्यामुळे वेगळा असतो. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, किती वेळ येतं, टाकी केवढी आहे आणि आवारात विहीर आहे का, हे मालकाला नाही, शेजारणीला विचारा. पेठेतल्या जुन्या घरांना विहिरी आहेत. पाणी प्यायचं नसलं तरी धुण्याभांड्याला चालतं, आणि एप्रिल-मे मध्ये टँकरचे पैसे वाचतात.

दुसरा प्रश्न मीटरचा. तुमच्या खोलीला स्वतंत्र मीटर आहे की मालकाच्या मीटरवरून वायर ओढली आहे? स्वतंत्र नसेल तर पुढच्या पायरीतली वीज सवलत तुमच्या वाट्याला येणं अवघड.

तिसरं, भिंतीची ओल. आपल्याकडचा पाऊस ठाऊक आहे. खानापूर, जांबोटीकडे तर विचारूच नका. घर पावसाळ्यात बघितलं तर उत्तमच, नाहीतर भिंतीचा खालचा हातभर भाग बघा. नवा रंग फक्त तेवढ्याच पट्ट्याला दिला असेल तर समजून घ्या. ओलीच्या घरात धान्य टिकत नाही, म्हणजे वर्षभराची बेगमीही होत नाही.

काही मालक महिन्याचं भाडं न घेता दोन-तीन वर्षांसाठी मोठी रक्कम एकदम मागतात. हे लीज ऐकायला गोड वाटतं. पण रक्कम परत मिळण्याची हमी फक्त कागदावर असते, म्हणून कराराची रीतसर नोंदणी करायला मालक तयार नसेल तर सरळ भाड्याचं घर बघा.

पायरी २: कागद

नव्याने येणाऱ्यांचा सगळ्यात मोठा तोटा इथेच होतो. आधारवरचा पत्ता कोल्हापूरचा किंवा सावंतवाडीचा राहतो, आणि वर्षभर सवलती हुकतात.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे. राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना शून्य तिकीट मिळतं, पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. पत्ता महाराष्ट्रातला असेल तर कंडक्टर तिकीट फाडणारच, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. वातानुकूलित, स्लीपर अशा गाड्यांना ही सवलत नाही, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीत बसण्याआधी विचारून घ्या. उलट माहेरी जाताना महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ते मात्र महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं.

इथे एक गोष्ट बोलून टाकते. बस फुकट झाल्यापासून अनेक घरांत बाजार, बँक, दवाखाना, गिरणी अशी सगळी कामं बाईच्याच गळ्यात पडली आहेत, कारण काय तर 'तुला तिकीट नाही ना!' तिचा वेळ फुकट नाही. सायकल पुरुषांनाही चालवता येते.

वीज सवलतीबद्दल बहुतेकांचा मोठा गैरसमज असतो. गृहज्योती योजनेत '२०० युनिट फुकट' असं सगळे म्हणतात. खरा हिशोब असा: त्या जोडणीचा २०२२-२३ सालचा महिन्याचा सरासरी वापर आणि वर साधारण दहा टक्के, एवढंच मोफत. २०० ही कमाल मर्यादा. समजा सरासरी १०० युनिट होती, तर ११० पर्यंत बिल शून्य. १४० वापरली तर वरच्या ३० युनिटांचे पैसे. आणि २०० च्या वर गेलात तर अख्खं बिल भरायचं. भाडेकरूंनाही अर्ज करता येतो, आणि नवीन घराला मागचा वापरच नसेल तर सरकारने ठरवलेली सरासरी धरतात. जुन्या घराची जोडणी तुमच्या आधारला लागलेली असेल तर आधी ती सोडवून घ्या, मगच नवीन अर्ज. हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, बिल कानडीत येतं. पहिलं बिल कानडी वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून एकदा समजून घ्या आणि मंजूर युनिट कुठल्या ओळीत छापलेत तिथे पेनाने खूण करा. पुढच्या महिन्यापासून तुमचं तुम्हाला कळतं.

रेशनचं नवं कार्ड लगेच हातात पडेल असं धरू नका. महाराष्ट्रातलं अन्नसुरक्षेचं कार्ड असेल तर 'एक देश एक रेशन कार्ड' सोयीमुळे केंद्राचं धान्य इथल्या दुकानातही अंगठा देऊन उचलता येतं. कर्नाटक सरकार स्वतःचं जे जादा देतं ते मात्र इथल्याच कार्डाला. रेशनचा तांदूळ भाताला आवडत नाही म्हणून कमी दरात विकणारे दिसतील. तो गुन्हा आहे, आणि मूर्खपणाही. त्याच तांदळाची भाकरी, डोसे, घावन, उन्हाळ्यात पापड, सगळं होतं.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईच्या खात्यात येतात. ती किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल तर नाही. हे पैसे किराणा मालाच्या हिशोबात धरू नका. हप्ता कधी लांबतो, कधी दोन एकदम येतात. पोस्टात वेगळं खातं काढा आणि ते बेगमीसाठी ठेवा.

पायरी ३: बेगमीचं वर्ष

आता मुख्य काम. बेळगावच्या पश्चिमेला भात, पूर्वेला जोंधळा, उत्तरेला ऊस आणि मिरची. एवढं सगळं एका जिल्ह्यात पिकत असताना दर महिन्याला पाच-पाच किलोची पाकिटं आणणं म्हणजे स्वतःहून जादा पैसे देणं.

कार्तिक-मार्गशीर्षात भाताची सुगी उरकते. खानापूर आणि बेळगाव तालुक्यात ओळखीचं शेतकरी घर गाठा आणि तांदूळ न घेता भात घ्या. इंद्रायणी, इंटाण, सोनामसुरी, खिशाला परवडेल ते. बेळगाव बासमतीचा वास घरभर पसरतो, पण तो सणाला, रोजच्या ताटाला नको. चार माणसांच्या घरात दोन वेळा भात आणि सोबत भाकरी-चपाती असेल तर महिन्याला दहा किलो तांदूळ पुरतो, म्हणजे वर्षाला १२०. गिरणीत १०० किलो भातामागे साधारण ६५ किलो तांदूळ निघतो. या हिशोबाने १८५ किलो भात लागेल. भरडून आणल्यावर जी कणी निघते ती मागून घ्या, विसरू नका. इडली, घावन, खीर तिच्यावर निघतात. नवा तांदूळ चिकट होतो आणि कमी फुगतो, म्हणून पहिली पाच-सहा महिने मागच्या वर्षीचा जुना तांदूळ विकत घेऊन खा आणि नवा मुरू द्या. पहिल्या वर्षी हे जड जातं. दुसऱ्या वर्षापासून चक्र लागतं.

माघ-फाल्गुन हा खरा खर्चाचा काळ. सौंदत्ती, बैलहोंगल, अथणीकडचा शाळू येतो, महाशिवरात्रीनंतर आवक वाढली की पोतं उचला. शहापूर, येळ्ळूरच्या काळ्या शिवारात भातानंतर घेतलेला मसूर याच सुमारास निघतो. बारीक दाण्याचा, सालासकटचा हा गावठी मसूर लवकर शिजतो आणि त्याची आमटी तूरडाळीची आठवण येऊ देत नाही. तूरडाळ महाग झाली की रडणाऱ्यांनी आठवड्यातले तीन दिवस मसूर, हुलगा आणि मटकी यांना द्यावेत. हुलग्याचा कट आणि माडगं पावसाळ्यात अंगात ऊब आणतं, ते वेगळंच.

मिरची घेताना संकेश्वरी आणि ब्याडगी मिसळा. संकेश्वरीला तिखटपणा, ब्याडगीला रंग. नुसती ब्याडगी घेतली तर तिखट जास्त घालावं लागतं आणि वर्षाचं आठ महिन्यांतच संपतं. देठं काढून दोन-तीन उन्हं द्या, खोबरं, धणे, मसाला घरी भाजून घ्या आणि डंकावर स्वतः उभं राहून कुटून आणा. बरणीत भरताना हिंगाचे खडे आणि थर-थर मीठ घाला. ओला चमचा कुणी घातला तर मात्र सगळ्यावर पाणी.

चिंचही याच दिवसांत घ्या, चिंचोके काढून, मीठ लावून, गोळे करून. गुळाचं जरा वेगळं आहे. गुऱ्हाळं दिवाळीनंतर पेटतात आणि उन्हाळ्यापर्यंत चालतात, तेव्हा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, स्वस्त असतो, पण पावसाळी हवेत गूळ पाझरतो. म्हणून गणपतीपर्यंत पुरेल एवढाच घ्या. पिवळाधमक दिसणारा गूळ सोडा आणि तपकिरी उचला. तो दिसायला साधा, पण रंग खुलवायला त्यात पावडर घातलेली नसते.

चैत्र-वैशाखात पापड, सांडगे, शेवया, लोणचं, आमसुलं. हे एकटीने करायचं काम नाही. चार घरच्या बायकांनी एक दिवस एका घरी, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे असं केलं तर मजुरी लागत नाही आणि गप्पा होतात. गच्ची नसेल तर ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांच्याशी आजच गोड बोलायला लागा.

साठवणीचं थोडक्यात: धान्य कडक उन्हात वाळवून पूर्ण गार झाल्यावरच भरा, गरम भरलं तर डब्यात घाम सुटतो. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावा. तांदळात, जोंधळ्यात सुकवलेला कडुलिंबाचा पाला घाला. पिंप भिंतीला टेकवून, फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी हवी. बोरिक पावडर मी घालत नाही. पोरं घरात असताना पोटात जाणाऱ्या धान्याला ती कशाला?

बेगमी कुणी करू नये, हेही सांगायला हवं. व्याजाने पैसे काढून पोती भरलीत तर वाचलेलं सगळं व्याजात जातं. खोलीला ओल असेल, घर वर्षात बदलायचं असेल, किंवा दोघंच असाल, तर पोतं तीन घरांत वाटून घ्या आणि चार महिन्यांचंच भरा. अर्धी बेगमी ही लाजेची गोष्ट नाही, किडे लागलेलं पोतं मात्र आहे.

पायरी ४: रोजचा बाजार

भाजी गणपत गल्लीत चांगली मिळते, कांदा-बटाटा कांदा मार्केटात, आणि रविवारी खासबागचा बाजार आहे. खेड्यातून टोपली घेऊन येणाऱ्या बायकांना संध्याकाळची गाडी गाठायची असते, म्हणून दिवस कलला की वाट्यांचा दर उतरतो. पालेभाजीला मात्र संध्याकाळ नको. पेंडी कोमेजलेली निघते आणि निम्मी टाकावी लागते. फळभाजी संध्याकाळी, पालेभाजी सकाळी.

इथली भाजी गोव्याला जाते. गोव्यात चतुर्थी आली की इथल्या दरावरही ताण येतो, त्या आठवड्यात कोबी-फ्लॉवरच्या मागे धावू नका, सांडगे आणि कडधान्यं बाहेर काढा. नवरात्रापासून पुढे रताळी भरपूर येतात. आपल्या तालुक्याचं पीक आहे, मुलांना उकडून द्या, बिस्किटाचा पुडा आपोआप कमी होतो. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, अळू फार पैसे न मागता मिळतात.

चार शब्द कानडी शिका. 'एष्टु?' म्हणजे केवढ्याला, 'स्वल्प कडिमे माडरी' म्हणजे जरा कमी करा, आणि बाईला 'अक्का', माणसाला 'अण्णा'. बाजारात मराठी चालतं, पण अक्का म्हटलं की मापात वर चार शेंगा पडतात. ही चालाखी नाही, शेजारधर्म आहे.

किराणा उधारीच्या वहीवर आणू नका. दर विचारायची सोय राहत नाही आणि दुकान बदलता येत नाही.

पायरी ५: गॅस आणि वीज

कडधान्य आणि डाळ भिजवल्याशिवाय कुकर लावायचा नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. भाकऱ्या एकाच वेळी थापा, कारण तवा तापायलाच जास्त गॅस जातो. एवढं पुरे, गॅसवर याहून लांब भाषण लोक उगाच देतात.

विजेवर जरा थांबू, कारण मंजूर युनिटांच्या आत राहणं म्हणजे बिल शून्य. हिशोब सोपा आहे: १००० वॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट. २००० वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ३० युनिट. जुना ७५ वॅटचा पंखा रोज दहा तास, महिन्याला साडेबावीस. त्याच जागी ३० वॅटचा नवा बीएलडीसी पंखा लावला तर नऊ. ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास म्हणजे नऊ युनिट, तर ९ वॅटचा एलईडी दीड युनिटाच्याही आत. मोबाईल चार्जर काढून ठेवण्यावरून घरात भांडणं होतात, पण खरा चोर गिझर असतो. घराला जुना बंब असेल आणि धूर बाहेर जायला वाट असेल तर नारळाची शेंडी, करवंट्या जपून ठेवा. स्वतःचं घर असेल तर छपरावर सौर बंब बसवा, पावसाळ्यात तो रुसतो हे धरून. एसीचा विचार बेळगावात कशासाठी करायचा हे मला अजून कळलेलं नाही.

कपड्यांचं आणि औषधांचं चटकन सांगते. जुन्या सुती साड्यांच्या वाकळा शिवून घ्या, डिसेंबरच्या थंडीत विकतचं ब्लँकेट त्यापुढे काही नाही. कायमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. सरकारी मराठी शाळेत पुस्तकं, गणवेश आणि दुपारचं जेवण मिळतं. शाळा जवळ आणि शिक्षक चांगले असतील तर नुसत्या प्रतिष्ठेपायी व्हॅनचं भाडं भरू नका.

पायरी ६: जत्रा आणि पाहुणे

वर्षभर पै-पै जोडलेलं एका दिवसात जातं ते जत्रेला. आपल्या खेड्यांत महालक्ष्मीची यात्रा अनेक वर्षांनी भरते. घराला रंग, नवे कपडे, लेकीबाळी, त्यांची सासरची माणसं, आणि मटणाचं जेवण. 'यात्रा करू नका' असं सांगणारा इथे टिकणार नाही, आणि मीही सांगणार नाही. पाहुणा उपाशी जायला नकोच. पण तारीख गावाला आधी कळलेली असते. त्याच दिवशी यादी करा, माणसं मोजा, भांडी आणि मंडप शेजारच्या दोन घरांत मिळून ठरवा, बकरं वाटून घ्या. रंग यात्रेच्या आदल्या महिन्यात काढू नका, गावभर रंगारी तेव्हाच मागतात आणि मजुरी चढते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, यात्रेसाठी सोनं गहाण टाकू नका. जावयाला दुसरं पातेलं दिसलं नाही तरी चालतं.

पायरी ७: पैसे ठेवायचे कुठे

बेळगावात गल्लोगल्ली पिग्मी गोळा करणारे फिरतात. १९२८ साली सिंडिकेट बँकेने उडुपीत दोन-दोन आणे दारावरून गोळा करायला सुरुवात केली, तीच ही पद्धत. रोजंदारीवाल्याला, टपरीवाल्याला ती फार सोयीची, कारण पैसे घरात राहिले की जातात. फक्त तीन गोष्टी बघा. मुदतीआधी मोडली तर किती कापतात हे आधी विचारा. रोज पावती किंवा मोबाईलवर संदेश मिळालाच पाहिजे, 'उद्या देतो' चालणार नाही. तिसरी गोष्ट, बँकेतल्या, म्हणजे सहकारी बँकेतल्याही, ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. पाटी दोन्हींवर 'सहकारी'च असते, म्हणून नाव पूर्ण वाचा. सोसायटी दोन टक्के जास्त व्याज देत असेल तरी पिग्मीपुरतीच ठेवा, आयुष्याची पुंजी तिथे नको.

भिशी ओळखीच्या बायकांतच लावा, बारा जणींची, महिन्याला प्रत्येकीने झेपेल तेवढीच रक्कम. चिठ्ठी टाकून नंबर काढत असाल तर आपसांत बदलून घ्यायला हरकत नसते. लग्नघर असलेली पहिला नंबर घेऊ दे, तुम्ही माघातला मागून घ्या. शाळूचं पोतं आणि मिरची त्याच महिन्यात भरायची असते.